बाळाचा मेंदू वाट पाहत नाही

आम्ही वाट पाहिलेली माणसं आहोत.

मूल तीन महिन्यांचं झालं तरी आईच्या डोळ्यांत बघत नव्हतं, तेव्हा घरच्यांनी सांगितलं, थोडं थांबा. आठ महिन्यांचं झालं तरी मान धरत नव्हतं, तेव्हा शेजारणींनी सांगितलं, अशक्त आहे, अंगात तेल जिरवा. अडीच वर्षांचं झालं तरी बोलत नव्हतं, तेव्हा सगळ्यांनी मिळून सांगितलं, याचा बापसुद्धा उशिराच बोलला होता. सांगणाऱ्यांत वाईट कुणीच नव्हतं. त्यांनी मायेनं सांगितलं, आम्ही मायेनं ऐकलं, आणि त्या मायेत वर्ष निघून गेलं.

आमच्यात आया आहेत, बाप आहेत, नातवंडाला खांद्यावर टाकून जिल्ह्याच्या गावी हेलपाटे घातलेल्या आज्या आहेत. आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आहेत. बालरोगतज्ज्ञ, मुलांच्या मेंदूविकारांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट आहेत. ज्यांना लहानपणी वर्गाबाहेर बसवलं आणि जी आता मोठी झाली, ती मुलंही आहेत. आम्ही एकमेकांना भेटलो ते ओपीडीच्या बाकांवर. तिथे प्रत्येकाच्या तोंडून एकच वाक्य ऐकलं: आधी कळलं असतं तर. पुढच्या आईच्या तोंडी हे वाक्य येऊ नये, एवढ्यासाठी ही चळवळ सुरू होते आहे.

आम्ही काय पाहिलं, ते आधी सांगतो.

पाच महिन्यांचं बाळ झोपेतून जागं होतं. एकदम मान पुढे झुकते, दोन्ही हात फाकतात, पाय पोटाशी येतात. क्षणभरच. मग अंग सैल पडतं. काही सेकंदांनी पुन्हा तसंच, आणि पुन्हा. असं दहा-वीस वेळा होतं, मग बाळ रडू लागतं. घर म्हणतं, दचकलं. आजी म्हणते, पोटात कळ आली. कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळतं, कुणी ग्राइप वॉटरची बाटली आणतं. ही दचक नाही आणि कळही नाही. हा अर्भकांना येणाऱ्या मिरगीचा एक प्रकार आहे, आणि मिरगीच्या सर्व प्रकारांत घाई सर्वांत जास्त कुठे करायची असेल, तर ती इथे. हात-पाय कडक होऊन तोंडाला फेस येतो, त्याला लोक फिट म्हणतात. इथे फेस नसतो, बेशुद्धी दिसत नाही, म्हणून कुणी घाबरत नाही. पण त्या प्रत्येक झटक्यामागे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा ताल पूर्ण विस्कटलेला असतो. काही आठवड्यांत बाळ हसायचं थांबतं. कुशीवर वळायला शिकलेलं असतं, ते विसरतं.

या आजाराचं पहिलं वर्णन 1841 सालचं आहे. विल्यम जेम्स वेस्ट या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 'द लॅन्सेट' या नियतकालिकाला पत्र लिहिलं. त्यात त्यांनी स्वतःच्याच बाळाला येणारे झटके बारकाईनं मांडले, आपण केलेले सगळे उपाय फसल्याचं कबूल केलं आणि इतर डॉक्टरांकडे मदत मागितली. त्या बापानं सगळं पाहिलं होतं, सगळं ओळखलं होतं, पण त्याच्या हातात औषध नव्हतं. आज औषध आहे. स्टिरॉइड आहे, एसीटीएचचं इंजेक्शन आहे, विगाबॅट्रिन आहे. यांतली प्रेडनिसोलोनची गोळी तालुक्याच्या कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते आणि ती महागही नाही. पहिला झटका आणि पहिला डोस यांत जितके कमी दिवस, तितकी त्या मुलाची पुढची समज आणि वाढ सावरण्याची शक्यता जास्त. वेस्टनं पाहिलं, पण त्याच्याकडे इलाज नव्हता. आमच्याकडे इलाज आहे, पण आम्ही पाहत नाही. आमच्या काळाचा दोष एवढ्या दोन वाक्यांत मावतो.

मग उशीर होतो कुठे? आम्ही आमच्या फायली समोर ठेवून तारखा जुळवल्या. पहिला महिना घरात गेला. दुसरा पोटदुखीच्या औषधात गेला. तिसऱ्यात कुणीतरी मोठ्या डॉक्टरांचं नाव सांगितलं, तर त्यांची वेळ पाच आठवड्यांनंतरची मिळाली. तिथे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, लिहून दिला. यंत्र होतं, पण चालवणारा रजेवर होता. ईईजी झाला, तर तो वाचणारा दुसऱ्या शहरात. मुलांच्या मेंदूचे डॉक्टर मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरांत बसतात आणि बाळं महाराष्ट्रभर जन्मतात. मधल्या रस्त्यावर एसटीचं तिकीट आहे, बुडालेली मजुरी आहे, आणि दर मुक्कामी नव्यानं सगळी कहाणी सांगणारी एक थकलेली आई आहे.

हा मूठभर घरांचा प्रश्न नाही. भारतातल्या पाच ठिकाणी झालेला एक मोठा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. उत्तर गोवा हे त्यांतलं एक ठिकाण. मिरगी, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, ऐकण्या-बोलण्यातल्या अडचणी, शिकण्यातले अडथळे असे नऊ विकार तपासले, तेव्हा 6 ते 9 वर्षांच्या मुलांत शंभरातल्या तेरा-चौदा जणांना यांतला किमान एक तरी विकार असल्याचं दिसलं. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात पाच. गुरुजींनी हजेरी घेताना हा आकडा मनात धरावा.

आणखी एक चूक आहे, आणि ती आम्ही लपवणार नाही. जिथे निदान होतं, तिथेही ते नेहमी बरोबर असतंच असं नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाला तापात आकडी येते, घर हादरतं, पण बहुतेक मुलांना त्यातून कायमचं काहीच होत नाही. तरी वर्षानुवर्षं औषध घेणारी मुलं आम्ही पाहिली. रडता रडता श्वास अडकून निळं पडणारं बाळ मिरगीचं समजून औषधावर ठेवलेलं पाहिलं. त्याला हवं होतं लोहाचं औषध आणि आईला हवा होता धीर. घाईचं निदान आणि उशिराचं निदान या एकाच दुर्लक्षाच्या दोन बाजू आहेत. डॉक्टरांना ऐकायला वेळ नसला की दोन्ही घडतात.

या पोकळीत बाजार शिरतो. स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सी बरी करतो असं सांगून स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये घेतले जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्वच्छ सांगतात की रक्ताच्या काही आजारांपलीकडे स्टेम सेलचा वापर मंजूर उपचार म्हणून करता येत नाही. संशोधन म्हणून करायचा, तर रीतसर परवानगीनं, आणि पालकांकडून पैसे न घेता. घरातलं सोनं मोडून तिकडे गेलेले पालक आमच्यात आहेत. त्यांना आम्ही दोष देत नाही. ज्यानं आशा विकली, त्याला देतो.

गावच्या भगताकडे गेलेल्यांनाही आम्ही हिणवत नाही. भगत समोर बसवून घेतो, नाव विचारतो, बाळाच्या अंगावरून हात फिरवतो. आमच्या ओपीडीत आईला मिळतात तीन मिनिटं. ती तिकडे का जाते, याचं उत्तर ओपीडीनं द्यायचं आहे.

आता आम्ही काय मानतो, ते सांगतो.

आम्ही मानतो की मेंदू आयुष्यात सर्वांत जास्त घडतो तो पहिल्या दोन-तीन वर्षांत. तेव्हा तो ओल्या मातीसारखा असतो, म्हणून तेव्हाची इजा खोल जाते आणि तेव्हाचा उपचारही खोल जातो. जन्माच्या वेळी गुदमरलेल्या, कमी दिवसांच्या, रक्तातली साखर उतरलेल्या किंवा कावीळ फार वाढलेल्या बाळाला पुढे सेरेब्रल पाल्सीचा धोका असतो. ती ओळखायला मूल दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत थांबायचं, ही रीत आता जुनी झाली. बाळाच्या सहज हालचालींचं निरीक्षण, नसांची आणि स्नायूंची पद्धतशीर तपासणी आणि गरजेनुसार एमआरआय यांवरून पहिल्या सहा महिन्यांतही तिचा भक्कम अंदाज घेता येतो. निदानाचं नाव पक्कं होण्याआधीच व्यायाम आणि खेळ सुरू करता येतात. उपचाराला शिक्कामोर्तब लागत नाही.

आम्ही मानतो की काही मुलांचा मेंदू अगदी स्वस्तात वाचतो आणि तिथे चुकणं अक्षम्य आहे. थायरॉइड ग्रंथी नीट काम न करणारं बाळ जन्मतं, तेव्हा ते फारसं रडत नाही, खूप झोपतं, आणि घर कौतुक करतं: किती शहाणं बाळ! टाचेतून घेतलेल्या थेंबभर रक्तानं हे पहिल्या आठवड्यात कळतं, आणि पहिल्या दोन आठवड्यांत रोजची एक छोटी गोळी सुरू झाली, तर ते मूल इतर मुलांसारखं वाढतं. गोव्यानं अशी नवजात तपासणी सरकारी पातळीवर 2008 साली सुरू करून दाखवली होती. तसंच बी-12 चं. आईच्याच शरीरात हे जीवनसत्त्व कमी असेल आणि बाळ फक्त अंगावर पीत असेल, तर ते सहा-आठ महिन्यांचं होता होता फिकट दिसू लागतं, केस विरळ आणि भुरे होतात, हसणारं बाळ मलूल होतं, कधी हातपाय थरथरू लागतात. बी-12 दिलं की थोड्याच दिवसांत बाळाच्या चेहऱ्यावर हसू परततं. आमच्यातल्या एका डॉक्टरताई म्हणतात, एवढं मोठं समाधान दुसऱ्या कुठल्याच औषधानं दिलं नाही.

आम्ही मानतो की निदानाची सुरुवात यंत्रापासून होत नाही, जवळच्या माणसाच्या नजरेपासून होते. याला महाराष्ट्राचाच पुरावा आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचे श्वास मोजणं, वजन करणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं ही कामं त्या स्त्रियांनी केली आणि बालमृत्यू ठळकपणे घटले. तो प्रयोग 1999 साली 'द लॅन्सेट'मध्ये छापून आला, त्याच वेस्टच्या पत्राच्या 'लॅन्सेट'मध्ये. पुढे त्याच वाटेनं देशभर आशाताई घरोघरी जाऊ लागल्या. म्हणजे जे काम फक्त डॉक्टरांचं समजलं जायचं, ते गावानं शिकून घेतलं. तेव्हा प्रश्न होता बाळ जगेल का. आता बाळं जगू लागली आहेत. त्यांनी चालावं, बोलावं, ओळखावं, शाळेत जावं, हा पुढचा टप्पा आहे आणि तोही गावच गाठेल.

गुरुजींचंच बघा. सात वर्षांची मुलगी वाचता वाचता दहा सेकंद थांबते, नजर स्थिर होते, पापण्या किंचित फडफडतात, मग जिथे सोडलं तिथून पुन्हा वाचू लागते. दिवसात वीस-तीस वेळा. वर्गात तिचं नाव पडतं तंद्री. फळ्याकडे लक्ष नाही म्हणून ती ओरडा खाते. हीसुद्धा मिरगीच, न पडता येणारी. डॉक्टर तिच्या हातात कागदाचं भिरभिरं देतात आणि दोन-तीन मिनिटं जोरजोरानं फुंकायला सांगतात. बहुतेक वेळा तेवढ्या श्वासांनीच तो क्षण डॉक्टरांसमोर येतो. मग ईईजी, मग औषध, आणि बहुतेक मुलांचे हे थांबे बंद होतात. मुलगी तीच, वर्ग तोच. फक्त गुरुजींना हे ठाऊक हवं होतं. किंवा तो पाच वर्षांचा मुलगा, ज्याच्या पोटऱ्या पैलवानासारख्या भरलेल्या दिसतात, पण जमिनीवरून उठताना तो स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर चढतो. तो आळशी नाही. त्याचे स्नायू झिजत आहेत, आणि शाळेच्या पायऱ्यांवर ते सर्वांत आधी दिसतं.

आम्ही मानतो की निदान हा निकाल नाही. प्रत्येक मूल बरं होईल असं खोटं वचन आम्ही कुणालाही देत नाही. काही आजार औषधानं जातात, काही आटोक्यात राहतात, काही मुलाबरोबरच मोठे होतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य औषध मिळालं तर मिरगीच्या शंभरातल्या सत्तर जणांचे झटके थांबू शकतात. उरलेले तीस आमचेच आहेत. ज्यांची वेळ निघून गेली, ज्यांना आज चाक लावलेली खुर्ची लागते, ज्यांना भरवावं लागतं, त्यांच्याशिवाय ही चळवळ एक पाऊल टाकणार नाही. मुंबईत मिठू अलूर यांनी 1972 साली 'स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' सुरू केली, ती आपल्या मुलीला शिकता यावं म्हणून. त्या मुलीनं, मालिनी छिब यांनी, पुढे उच्च शिक्षण घेतलं आणि आपलं पुस्तक एका बोटानं टंकून लिहिलं. सेरेब्रल पाल्सी गेली नव्हती. दार उघडलं होतं.

आणि आम्ही मानतो की यात आईचा दोष नाही. ग्रहणात काही चिरल्यानं, कुणाचं वाईट चिंतल्यानं, पोटुशी असताना रडल्यानं हे होत नाही. हे वाक्य आम्ही गावोगावी मोठ्यानं म्हणणार आहोत, विशेषतः तिच्या सासरच्या अंगणात. मिरगी हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण म्हणून कायद्यात होतं, ते 1999 साली संसदेनं काढून टाकलं. मनांतून काढायचं काम आमचं.

आता आम्ही काय करू.

नवं खातं मागायला आम्ही निघालेलो नाही. बरंचसं कागदावर आधीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणं अपेक्षित आहे, आणि जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र असणं अपेक्षित आहे. आशाताई पहिल्या 42 दिवसांत सहा वेळा घरी येते, पुढे तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी येते. एवढ्या वेळा माणूस दारात येतं. त्या प्रत्येक भेटीत वजनाबरोबर मेंदूचीही चौकशी व्हावी, एवढंच आम्ही मागतो. बाळ बघतं का, हसतं का, दोन्ही हात सारखे हलवतं का, शिकलेलं काही विसरलं का. या शेवटच्या प्रश्नाला उत्तर होय आलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. उद्या नाही, पुढच्या लसीला नाही.

झोपेतून उठताना ओळीनं झटके येणाऱ्या बाळाचा ईईजी सात दिवसांच्या आत व्हावा आणि निदान होताच त्याच दिवशी औषध सुरू व्हावं, हा नियम आम्ही प्रत्येक जिल्हा रुग्णालयाकडून लेखी घेऊ. ईईजी वाचणारे डॉक्टर शहरात असतील तर असोत, आलेख तारेवरून जातो. आमच्यातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यासाठी आठवड्यातले तास लिहून दिले आहेत. नवजात अतिदक्षता कक्षातून घरी गेलेल्या प्रत्येक बाळाची दोन वर्षांपर्यंत नोंद ठेवू. ते तपासणीला आलं नाही, तर फोन करू. फोन लागला नाही, तर घरी जाऊ. काचेच्या पेटीत ज्याच्यासाठी रात्री जागवल्या, त्याला दारातून बाहेर पडताच विसरायचं नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रात मिरगीचं औषध संपणार नाही, यावर आम्ही पहारा ठेवू. औषध मध्येच तुटलं की झटके उसळून येतात, आणि कपाट रिकामं असणं हे त्याचं एक टाळता येणारं कारण आहे. दर महिन्याला आम्ही ते उघडून बघू आणि जे दिसेल ते ग्रामसभेत वाचून दाखवू. जागतिक आरोग्य परिषदेनं 2022 मध्ये मंजूर केलेल्या दहा वर्षांच्या आराखड्यात मिरगीसाठी 90, 80, 70 असं लक्ष्य ठेवलं आहे: नव्वद टक्के रुग्णांना आपला आजार उपचार होण्यासारखा आहे हे माहीत असावं, त्यांतल्या ऐंशी टक्क्यांना औषध मिळावं, औषध घेणाऱ्यांतल्या सत्तर टक्क्यांचे झटके आटोक्यात यावेत. हे आकडे आम्ही तालुक्याच्या फळ्यावर लिहू आणि 2031 पर्यंत दर वर्षी त्यांच्यासमोर आपले आकडे मांडू.

प्रत्येक शाळेत आणि एसटी स्टँडवर एक पत्रक लावू. फिट आली तर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा घालू नका, कांदा नको, चप्पल नको, पाणी नको. पाच मिनिटांत थांबली नाही तर 108. डॉक्टरांनी नाकात मारायचा औषधाचा फवारा लिहून दिला असेल, तर तो शाळेच्या कपाटात, मुलाच्या नावानं. आणि झटका येऊन गेलेल्या मुलाला घरी न पाठवता थोडं निजवून पुन्हा वर्गात घ्यायचं.

व्यायाम दहा दिवसांच्या शिबिरात होत नाहीत. ते रोजच्या आंघोळीत, भरवण्यात, कडेवर घेण्याच्या पद्धतीत होतात. आमचे फिजिओथेरपिस्ट घरातल्या दोन माणसांना ते शिकवतील, आणि त्यांतला एक पुरुष असावा असा आमचा आग्रह राहील. 'निरामय' विम्यासारख्या ज्या योजना आहेत, त्यांचे अर्ज आम्ही बरोबर बसून भरू. पहिल्यांदा फाइल उचलणाऱ्या आईला कचेरीच्या खिडकीशी एकटं उभं राहावं लागणार नाही.

आमचं पहिलं काम लसीकरणाच्या सत्रांवर सुरू होईल. अंगणवाडीच्या ओसरीवर बाळं घेऊन बसलेल्या बायकांना आम्ही फोनवर एक मिनिटाचा व्हिडिओ दाखवू: झोपेतून उठणारं बाळ, पुढे झुकणारी मान, फाकणारे हात. ज्या आईनं तो काढला, तिनं तो दाखवायची परवानगी दिली आहे. तिनं एवढंच विचारलं, तुमच्यातलं कुणाचं बाळ असं करतं का, हे प्रत्येक ठिकाणी विचाराल ना?

विचारू. तुम्हीही या. येताना मुलाची जुनी फाइल आणा, जन्माच्या वेळचा कागद आणा, रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड आणा. बाळ काही वेगळं करताना दिसलं, तर आधी फोन काढा आणि चित्रीकरण करा, पूर्ण अंग दिसेल असं, उजेडात. आणि जागा भरली म्हणून ते व्हिडिओ पुसू नका.